साडूभाऊंचे दोन क्लच

जगातली माणसे कुठेतरी जाण्यासाठी गाडीत बसतात. माझे थोरले साडू गिअरबॉक्सची तब्येत विचारायला बसतात. वाटेत एखादे गाव आलेच तर ती त्या गावाची पुण्याई. नवीन पनवेलच्या या गृहस्थाने उभे आयुष्य विम्याच्या कचेरीत इतरांच्या अपघातांवर संशय घेण्यात घालवले. निवृत्तीनंतर संशय घ्यायला काही उरले नाही, तेव्हा त्यांनी दोन क्लचची गाडी घेतली.

घेतली ती ताईंसाठी, असे त्यांनीच जाहीर केले होते. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. जुनी गाडी त्या झकास चालवत. दर गुरुवारी एकट्या उरणला आईकडे जाऊन येत. मग डावा गुडघा कुरकुरू लागला आणि क्लच दाबणे संपले. "या गाडीत डाव्या पायाला कामच नाही," साडूभाऊंनी पेढे वाटत सांगितले. "क्लच दोन, पण दाबायला एकही नाही. एक क्लच एक-तीन-पाच सांभाळतो, दुसरा दोन-चार-सहा. आपण पहिल्या गिअरमध्ये असताना दुसरा आतून तयार!" आमच्या गोतावळ्यात काहीही आधीपासून तयार असल्याचे हे पहिलेच उदाहरण, म्हणून मी दोन पेढे घेतले.

पेढे संपायच्या आत कुणीतरी त्यांच्या कानावर घातले, की हे क्लच कोरडे असतात, रांगेत गाडी इंचाइंचाने सरकवली की तापतात, झिजतात आणि मग सुटताना गाडी थरथरते. झाले. "तुझा पाय जड आहे," असे ताईंना सांगून त्यांनी किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. उरणचा रस्ता तर वर्ज्यच, कारण तिथे बंदराच्या कंटेनरांची रांग. अशा रीतीने ज्या गुडघ्यासाठी गाडी आली, तो गुडघा एसटीच्या पायऱ्या चढू लागला आणि गाडी आच्छादनाखाली विश्रांती घेऊ लागली.  ताई गुरुवारी निघताना गाडीवरून एकदा हात फिरवून जात.

गाडी बाहेर निघालीच तर प्रवाशांना नियम असत. करंजाड्याच्या वळणावर मी एकदा "पाऊस येणार बहुतेक" एवढेच म्हणालो, तर हात वर करून म्हणाले, "गप्प बसा, दुसरा लागतोय!" इतकी शांतता मी शोकसभेतही अनुभवलेली नाही; तिथे निदान कुणी खोकते. कर्नाळ्याच्या खिंडीत चढावर थांबायची वेळ आली, की ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणाऱ्या इतर चालकांकडे ते खुन्याकडे पाहावे तसे पाहत. रांगेत पुढची गाडी हलली तरी हे हलत नसत. पुरती मोकळी जागा झाल्यावर एका दमात जायचे, म्हणजे क्लच घासत नाही. तत्त्व निर्दोष होते. फक्त ते पनवेलच्या भाजीबाजाराला कुणी सांगितले नव्हते. त्यांनी राखलेल्या जागेत आधी दोन रिक्षा आल्या, मग पाण्याचा टँकर आणि शेवटी एक म्हैस येऊन रवंथ करू लागली. मागच्या रिक्षावाल्याने आपुलकीने विचारले, "काका, गाडी बंद हाय का? धक्का मारू?"

"बंद नाही. थांबलोय."

"म्हशीसाठी?"

सर्व्हिस सेंटरमधली माणसे त्यांना पाहिले की जेवायला जात. गिअरबॉक्सचे तेल ते मुदतीच्या कितीतरी आधी बदलायला लावत. एका इंजिनिअरने संगणक जोडून, पुन्हा जोडून, दोष एकही नाही असे सांगितले. "तुमचा संगणक सीटवर बसत नाही," साडूभाऊ म्हणाले. "थरथर मला बुडाला कळते."

मग मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी घातली. सुरुवातीचे दिवस आनंदात गेले, झीज शून्य. पुढे त्यांना आठवले, की उभ्या गाडीची बॅटरी उतरते, आणि बॅटरी उतरली की गिअर बदलणाऱ्या संगणकाचे डोके फिरते. चालवावी तर क्लच, न चालवावी तर संगणक. एका बुधवारी जेवताना त्यांनी किल्ली ताईंच्या ताटाशेजारी ठेवली आणि आमटीकडे पाहत विचारले, "उद्या उरण?"

मी मागे बसलो. साडूभाऊ काळा चष्मा लावून डावीकडे, दोन्ही हात गुडघ्यांवर. कंटेनरांची रांग लागली. ताईंनी पुढे ऐसपैस जागा सोडून गाडी थांबवली. इतकी वर्षे शेजारी बसून ऐकले ते वाया गेले नव्हते. एक टेम्पो त्या जागेत नाक खुपसू लागला.

"अगं, घे ना पुढे! घुसतोय तो!" साडूभाऊ ओरडले.

रांग हलली. ताईंनी गाडी एका दमात काढली आणि नवऱ्याकडे न पाहता म्हणाल्या, "गप्प बसा, दुसरा लागतोय."

साडूभाऊंचे हात पुन्हा गुडघ्यांवर गेले. सासूबाईंच्या दारात उतरल्यावर मी क्लचच्या अहवालाची वाट पाहू लागलो. त्यांनी मला बाजूला घेतले आणि हळूच म्हणाले, "उतरताना तिने गुडघा धरला नाही. पाहिलंत ना तुम्ही?"

त्याला आता बराच काळ लोटला. डोळे स्वच्छ झाले, पण किल्ली त्यांनी परत मागितलेली नाही. गुरुवारी ताई एकट्या जातात आणि साडूभाऊ सोसायटीच्या फाटकाशी मान कलती करून गिअर ऐकत उभे राहतात. पहिला. दुसरा. कोपऱ्यावर तिसरा. परवा मी सोबत होतो. गाडी दिसेनाशी झाल्यावर मी म्हणालो, "चला, चहा घेऊ." त्यांनी हात वर केला. मला ऐकू येण्यासारखे रस्त्यावर काही उरले नव्हते. मी गप्प उभा राहिलो.