सावली तेवढी न्यायची

देवरहाटीतला पाला कोणी उचलत नाही. देवाचं राखीव रान ते, तिथली सुकी काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही असा दंडक. त्यामुळे पाला पडतो, त्यावर पुढच्या वर्षीचा पडतो, नि खाली काय काय साठलंय ते पाय रुतल्यावर कळतं. आमच्या फोटोवाल्या टोळीचे किस्से तसेच साठलेत. टोळीत आता मी एकटा उरलो, म्हणून पाय मीच घालतो. माझी शाळा चौथीपर्यंत. ज्याला शुद्धलेखन तपासायचं असेल त्याने दुसरीकडे जावं.

टोळी म्हणजे आम्ही चौघे. पाटणकर मास्तर, देवरुखला शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. शशा, संगमेश्वरच्या बाजारात फोटो स्टुडिओ चालवणारा. तुका गुरव, देवरहाटीतल्या देवाची पूजा करणारा नि रानाच्या कडेला एकटा राहणारा. आणि मी, जन्मभर चिपळुणात लाकडाच्या वखारीत करवतीवर उभा राहिलेला. बायको गेल्यावर गावी परतलो. घरात बोलायला चार भिंती, त्यातली एक पावसात पडलेली. रविवार आला की मला बरं वाटायचं. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे रडगाणं नको.

*

जावयाने नवीन डिजिटल कॅमेरा घेतला नि जुना माझ्या अंगावर टाकला. "बाबा, तुम्हाला विरंगुळा." म्हाताऱ्याला विरंगुळा म्हणजे आपली अडगळ त्याच्याकडे सरकवायची, ही हल्लीची पद्धत.

अडचण अशी, की माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट करवतीने अर्धं ठेवून घेतलंय. कॅमेऱ्याचं बटण नेमकं त्याच बोटाचं. मधल्या बोटाने दाबायला गेलो की कॅमेरा हलायचा. पहिल्या आठवड्यात मांजर, शेजारीण नि विहीर, तिघंही पळताना आली.

शशाच्या स्टुडिओत ते फोटो कॉम्प्युटरवर बघत होतो. पाटणकर मास्तर तिथेच बसलेले. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "हे झाड कुठचं?"

"देवरहाटीच्या वाटेवरचं."

"आत गेलात कधी कॅमेरा घेऊन?"

"आत देव आहे."

"मग देवाला विचारू."

मला वाटलं बोलायचं म्हणून बोलले. पुढच्या रविवारी सकाळी माणूस माझ्या दारात हजर. डोक्याला टोपी, हातात नारळ.

*

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. पाषाणाच्या दोन खांद्यांना तगरीची एकेक पाकळी पाण्याने चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं नि गप बसून राहायचं. उजवी पाकळी पडली तर होय. डावी पडली तर नाही.

तुकाने पाकळ्या लावल्या नि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ही दोन म्हातारी लेकरं तुझ्या रानाचे फोटो काढू म्हणतायत. काय तो निवाडा कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

डावी पडली. इतकी लगेच, की मास्तरांना नारळ खाली ठेवायलाही वेळ मिळाला नाही.

"झालं," मी म्हटलं. "चला घरी."

मास्तर हलेनात. तुकाला म्हणाले, "का नको म्हणतो देव?"

"इथनं काय न्यायचं नाय म्हणून. पाला नाय, फूल नाय. फोटो काढला म्हणजे नेलंच की."

"आणि झाडाखालून चालत गेलं तर सावली अंगावर येते, तिचं काय?"

तुकाने वर झाडाकडे बघितलं. "सावली चालंल."

"मग रंग देवाला ठेवतो. काळा-पांढरा फोटो काढतो. सावली तेवढी नेतो."

पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा पाकळ्या. उजवी पडली.

लोक मला विचारतात, आजोबा, तुम्ही ब्लॅक अँड व्हाइटच का काढता, काही कलेची दृष्टी आहे काय? कसली दृष्टी. परवानगी तेवढीच आहे.

*

मास्तरांकडे स्वतःचा चांगला रोलचा कॅमेरा होता. तो तुकाने आत येऊ दिला नाही. म्हणाला, "रोल धुतल्याशिवाय आत काय हाय ते कसं कळायचं? देवाने काय शशाच्या दुकानात यायचं?"

माझ्या कॅमेऱ्याच्या पाठीला काच होती, त्यात फोटो लगेच दिसायचा. म्हणून मास्तरांना मी हवा होतो, दुसरं काही नाही. ते झाड दाखवायचे, उजेड दाखवायचे, मी मधल्या बोटाने बटण दाबायचो. दाबलं की मागून तुका, "दाव." नाक्यावर ट्रकची ताडपत्री उचलून बघतात तसा काचेत डोकवायचा. रंग नाही ना? मग ने.

एका रविवारी मी सेल बदलले. तो कॅमेरा असा हरामखोर, की सेल काढले की सगळं विसरून पुन्हा रंगीत व्हायचा. माझ्या ध्यानात आलं नाही. गारंबीच्या वेलीचा फोटो काढला. माणसाच्या मांडीएवढी जाड वेल, झाडाझाडांवरून लोंबलेली. तुका त्या वेळी मागे राहिला होता. मी ओढ्यापर्यंत उतरलो तेव्हा त्याने गाठलं. "दाव."

काचेत हिरवंगार.

"परत ठेव," तुका म्हणाला.

"पुसतो. थांब."

"इथं नको. जिथनं घेतलास तिथं जाऊन पूस."

माझे गुडघे आधीच बोंबलत होते. मास्तर दुसरीकडे बघून हसत होते. शिव्या घालत चढलो, वेलीसमोर उभा राहिलो नि बटण दाबून फोटो पुसला. तुकाने वेल मुळापासून शेंड्यापर्यंत नीट बघितली.

"आला काय रंग सगळा?" मी विचारलं.

"आला," तुका म्हणाला.

*

शशाला आमचं खूळ पटायचं नाही. त्याचं म्हणणं, काळा-पांढरा फोटो लोक दोनच गोष्टींसाठी काढायचे, फॉर्मला नि हाराला. फॉर्मला आता रंगीत लागतो. राहिला हार.

तरी मास्तरांच्या भिडेखातर त्याने आमचा एक फोटो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. किंजळीच्या झाडांचे उंच सोट आणि मधून खाली आलेली उन्हाची तिरीप. एक बाई नातवाला घेऊन आल्या. फोटो बघून त्यांनी चपला बाहेर काढल्या नि हात जोडले.

"कोण गेलं हो?"

शशाने मान वर केली नाही. "रान," म्हणाला.

त्या साली पलीकडच्या डोंगरावरचं झाडून सगळं लाकूड ट्रकात घालून गेलं होतं. त्यामुळे दुकानात कोणी हसलं नाही. बाईंनी चपला घातल्या.

*

मास्तर उन्हासाठी बसून राहायचे. बगळा बसतो तसे. एकदा सातविणीखाली आम्हाला सकाळपासून बसवून ठेवलं. मुंग्या चावून चावून दमल्या. अखेर फांद्यांतून ऊन उतरलं, बुंध्यावर आलं, मास्तर ओरडले "आता!", नि माझा कॅमेरा मेला. सेल संपले.

तुका उठला नि धोतर सावरत पळाला. त्या वयात त्याला तसा पळताना मी पहिल्यांदा बघितला. घरी जाऊन स्वतःच्या रेडिओतले सेल काढून घेऊन आला. ऊन जायच्या आत फोटो मिळाला. या खेपेला रंगही आठवणीने बंद केला.

मास्तर घरी गेले. मी तुकाला म्हटलं, "सेल संपवले की रे मी. आता संध्याकाळच्या बातम्या?"

"तू सांग."

"मला कुठच्या बातम्या ठाऊक?"

"मग वाडीतल्या सांग."

बसलो त्याच्या पडवीत. कोणाची गाय व्यायली, कोणाचा पोरगा मुंबईहून नोकरी सोडून आला, कोणी बांध कोरला. दिवेलागण होईपर्यंत बोलत होतो. तुका मध्ये मध्ये "बरं, पुढं?" म्हणायचा.

त्यानंतर दर रविवारी मी पोचायच्या आधी त्याने रेडिओतले सेल काढून पायरीवर ठेवलेले असायचे. मी नवीन आणले असले तरी.

*

मास्तरांच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं. मुलगी येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली. दर रविवारी सकाळी माझ्याकडे त्यांचा फोन.

"ऊन कसं आहे?"

"उन्हासारखं आहे."

"तसं नाही हो. सरळ की तिरपं?"

बाहेर ढग भरून आलेले. मी म्हटलं, "तिरपं. किंजळीवर आलंय."

"मग माझ्याशी काय बोलताय? बटण दाबा." फोन बंद.

मग एका रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी केला नाही. ज्या घरात फोन कोण उचलेल ते ठाऊक नसतं, तिथे मी करत नाही.

*

उरलो मी नि तुका. आमचा कौल एकदाच लागला होता नि तो कायमचा होता. पण तुकाने काढलं, की आता माणसं बदलली, तर दर वेळेला विचारायला हवं. मग दर रविवारी आधी कौल, नंतर फोटो.

आणि पाकळ्या पडेनात. पूर्वी डोळ्याची पापणी लवते तोवर पडायच्या. आता दुपार व्हायची. तोवर करायचं काय? बोलायचं. तुका आपल्या बायकोचं सांगायचा, मी माझ्या. दोघींचं एकमेकींशी कधी पटलं नसतं, यावर आमचं एकमत. पाकळी पडायची तेव्हा ऊन रानातून निघून गेलेलं असायचं.

एकदा मी उठून जवळ जाऊन बघितलं. पाकळीखालून पांढरं काहीतरी वाळलेलं.

"तुका, पाकळी पाण्याने लावतोस की पेजेने?"

आमच्याकडे तांदळाची पेज सकाळी प्यायची, नि लग्नाच्या पत्रिका चिकटवायलाही तीच.

तुका पाषाणाकडे बघत राहिला. "देव आज निवांत हाय," म्हणाला.

मी परत येऊन बसलो. "बरं, मग? तुझ्या सासऱ्याचं काय झालं पुढे?"

*

आता देवाला दिवा लावायला तुकाचा पुतण्या येतो. मोटरसायकल बंदसुद्धा करत नाही. एवढं आधी सांगतो नि मग शेवटचं सांगतो.

तुका विहिरीजवळ घसरून पडला. रविवार होता म्हणून मला सापडला. दुसरा वार असता तर कोणाला सापडला असता, हे त्याच्या पोराने, सुरेशने, मलाच विचारलं. नालासोपाऱ्याहून धावत आला होता. पोरगा वाईट नाही. म्हणाला, "काका, तुम्ही सांगा यांना. तिथे खोली लहान आहे, पण माणसं आहेत."

मी काय सांगणार? तिथे माणसं होती, ते खरंच होतं. मी म्हटलं, "मला काय विचारतोस, त्याला विचार."

तुका म्हणाला, "देवाला विचारल्याबिगर मी हलणार नाय."

जीप रस्त्यावर उभी केलेली, गाडी संगमेश्वर स्टेशनवर यायची होती. तुका एका पायाने लंगडत घरात गेला, हात धोतराला पुसत बाहेर आला. हाताला पाणी होतं की दुसरं काही, मी बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं. मग देवाजवळ जाऊन त्याने पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर मुंबई. डावी पडली तर इथेच. त्याने गाऱ्हाणं घातलं, तर माझ्याआधी "व्हय म्हाराजा" सुरेशने म्हटलं. गुरवाचंच रक्त ते.

बसलो. तिघेही. जीपवाल्याने हॉर्न दिला. सुरेशने घड्याळ बघितलं. वारा सुटला, एका पाकळीची कड हलली, कुठची ते सांगत नाही. तेवढ्यात सातविणीतून ऊन खाली आलं नि थेट पाषाणावर बसलं. तिरपं. मास्तर असते तर ओरडले असते.

मी बटण दाबलं. मधलं बोट, पण हात हलला नाही.

"दाव," तुका म्हणाला. मागे वळलासुद्धा नाही.

मी दाखवला. त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा कॅमेरा हातात घेतला. दोन्ही हातांत, वाटी धरावी तसा. बराच वेळ बघत होता. रस्त्यावरून पुन्हा हॉर्न आला.

"रंग नाय ना?" मी विचारलं.

"नाय," तुका म्हणाला. "ने ही सावली." नि सुरेशच्या खांद्यावर हात टाकून जीपकडे निघाला.

शशाने स्टुडिओ बंद करून मोबाइल विकायला घेतले, त्याच्या आधीची शेवटची मोठी प्रिंट ती. माझ्या ओटीवर लावली आहे. हार घातलेला नाही नि कोणी घालूही नये. येणारे जाणारे बघतात. गोष्ट सगळ्यांना अर्धी अर्धी ठाऊक आहे. परवा गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला पोरगा फोटोसमोर घाम पुसत उभा राहिला.

"आजोबा, मग पाकळी कुठची पडली?"

"डोळे फुटले काय तुझे?" मी म्हटलं. "दोन्ही आहेत की अजून."