वाईनचा भाव उपरण्याखाली

आता मला एक सांगा, भरवसा कोणावर ठेवावा? माल विकणाऱ्यावर, की माल चाखणाऱ्यावर? थांबा, उत्तराची घाई नको. आधी चहा घ्या, माझी फजिती ऐका आणि मग ठरवा.

छप्पन साली आपला भाग मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या हंगामातली गोष्ट. दारूबंदी आमच्या बाजूला अजून पोचायची होती. नेरला माझा कापसाचा धंदा, जोडीला तेलाचा. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण बाजारात झालं. पण जीभ! तेलाचा थेंब तळहातावर घ्यायचा, चोळायचा, हुंगायचा, जिभेला लावायचा आणि सांगून टाकायचं, करडईत सरकी किती मिसळली आहे. यवतमाळचे व्यापारीसुद्धा मला नमुने पाठवायचे. डोक्यात हवा जायला एवढं पुरे नाही का?

आणि बाजाराचा पहिला धडा काय, ठाऊक आहे? चाखलेल्या मालाला चांगलं म्हणायचं नाही. कधीच नाही! चांगलं म्हटलं की भाव चढलाच.

त्या साली माझ्या आवारात कापसाचा डोंगर पडला होता आणि गिऱ्हाईक एकच: नागपूरच्या एका मिलसाठी कापूस पारखणारे पिंटोसाहेब. ते हो म्हणाले तर हंगाम सुटला. नाही म्हणाले तर डोंगरावर बसून जन्मभर वाती वळायच्या!

साहेब सकाळी आले, कापूस पाहिला, नुसतं "हूं" म्हणाले. मी म्हटलं, आधी जेवण, मग सौदा. घरी घेऊन आलो. पाटावर बसता बसता साहेबांनी पिशवीतून एक बाटली काढली.

"शेठजी, पांढरी वाईन आहे. द्राक्षाची. महाग नाही, सहा रुपयांना मिळते. नागपूरला खोकीच्या खोकी पडली आहेत. जरा चाखून मोकळेपणानं सांगा, कशी आहे."

बायकोनं मला आत बोलावलं. "अहो, हे काय आणलं त्यायनं? काकवी हाय का?"

"वाईन हाय. साहेब लोक जेवताना घेतात."

"मंग तुम्ही काहून घेता?"

"धंदा हाय, धंदा! तुले नाही समजायचं."

कारण माझ्या डोक्यात चक्र फिरलं होतं. आजवर माझ्यापुढे ज्यानं ज्यानं नमुना ठेवला, त्यानं तो विकायलाच ठेवला. त्यात खोकीच्या खोकी! म्हणजे साहेबांचा डाव उघड होता: मी त्यांची वाईन उचलायची, ते माझा कापूस उचलणार. वा रे मी! केवढी ही हुशारी!

साहेबांनी बूच काढलं, चहाच्या काचेच्या गिलासात वाईन ओतली. पांढरी कसली, जवसाच्या तेलासारखी पिवळी! मी सवयीनं थेंबभर तळहातावर घेतली, चोळली. पाहतो तर तळहात कोरडा!

"तेल नाही हो ते," साहेब म्हणाले. "प्या."

प्यालो. पाडाला आलेल्या बोरासारखी चव. आंबट, पण हसरी. आणि तोंडानं काय बोललो?

"आंबूस आहे. अंगानं पातळ. मागच्या सालचा माल दिसतो."

साहेबांचा चेहरा पडला. मी मनात म्हटलं, चला, भाव उतरायला लागला!

"जेवणाबरोबर घेऊन पाहा ना, शेठजी."

ताटात वांग्याची तर्रीदार भाजी, भाकर आणि ठेचा. मी मुद्दाम ठेच्याचा गोळा तोंडात टाकला, वरून वाईनचा घोट. अहो, काय सांगू! जिनिंगमधल्या कापसाला आग लागावी तसं तोंड पेटलं! वाईनची चव गेली कुठल्या कुठे, उलट ठेच्यालाच दुप्पट जोर चढला. कान गरम, नाक वाहतंय, डोळ्यांना धारा.

"पाहा साहेब," मी नाक पुसत म्हणालो, "तिखटापुढे उभाच राहत नाही माल."

"तिखटाबरोबर नाही हो! साधं काही तरी पाहिजे. तेलकट चालेल, मसाला नको."

बायकोनं गोळाभात आणला. बेसनाचे वाफवलेले गोळे भातावर कुस्करले, वर कढत तेल, वर लिंबू. एक घास, एक घोट, आणि हात आपोआप पुढच्या घासाकडे गेला. तेलाचा जडपणा त्या आंबटपणानं असा धुऊन काढला की दुसरा घासही पहिलाच वाटावा! बेसनाला गोडी आली. कोणी साठ रुपयांची म्हटली असती तरी मी मानलं असतं.

पण म्हणेन कसा?

"आता?" साहेबांनी आशेनं विचारलं.

"कामचलाऊ आहे. अजून एकदा पाहतो."

असं मी पाहतच राहिलो. दर गिलासाला एक खोड काढली. वास टिकत नाही. रंग फिका. घशाखाली गेली की विसरली. साहेब बिचारे खाली मान घालून भात कालवत होते. म्हटलं, हीच वेळ! खांद्यावरचं उपरणं काढलं, त्यांच्या डाव्या हातावर टाकलं आणि खाली हात घालून त्यांची दोन बोटं दाबली. कापसाच्या आणि बैलांच्या बाजारात भाव असाच ठरतो, चारचौघांत आकडा फुटू नये म्हणून.

साहेब दचकले. "हे काय, शेठजी?"

"दोन रुपये बाटली. दहा खोकी उचलतो. आता कापसाचं बोला."

साहेबांनी हळूच हात सोडवून घेतला. "मी वाईन विकत नाही, शेठजी. पोरीचं लग्न आहे. पाहुणे दीडशे, खिसा एक. परवडेल अशी ही एकच सापडली, पण घरात एकमत होईना. म्हटलं, नेरचे शेठजी जिभेचे खरे आहेत, ते म्हणतील तसं करू. मिळाला तुमचा कौल. नको ही वाईन."

आणि हात धुवायला उठले. त्यांच्या मागोमाग माझा कापसाचा डोंगरही उठून चालला होता!

"साहेब, साहेब! एक नंबर माल आहे! अमृत आहे!"

"आत्ताच तर आंबूस होता."

"ते भावासाठी हो!"

"आणि अमृत कशासाठी? कापसासाठी?"

साहेब माझ्या बायकोकडे वळले. "वहिनी, तुम्हीच सांगा."

"मी तं थेंब चाखला नाही, भाऊ. पण हे इकडून नावं ठेवून राह्यले होते अन् तिकडून गिलास पुढं करून राह्यले होते. चार गिलास झाले. वाईट चीज असती तं यायनं दुसरा घेतला असता का? तेवढं लग्नात तिखट ठेवू नका."

साहेब असे हसले की परत पाटावर बसले. "ठरलं! हीच वाईन. आणि तुमचा कापूसही घेतो, शेठजी."

माझा जीव भांड्यात पडला. पण फार वेळ तिथं राहू दिला नाही त्यांनी.

"फक्त भावाच्या आधी एक विचारतो. वहिनी, कापूस कसा आहे?"

मी खाकरलो. डोळे वटारले. गुडघ्यानं ताट वाजवलं. ऐकेल तर ती माझी बायको कसली!

"वरचा चांगला हाय, भाऊ. खालच्या ढिगावर यायनं परवा पाणी मारलं. वजनासाठी."

मग काय! खालचा ढीग खडखडीत वाळल्याशिवाय साहेबांनी हात लावला नाही. आणि भाव त्यांनी उपरण्याखाली नाही, भर आवारात, मोठ्यानं सांगितला. मी मुकाट मान डोलावली.

आता हा किस्सा तुम्ही बाहेर सांगणार, मला ठाऊक आहे. खुशाल सांगा. फक्त एक विनंती, हिशोब प्रामाणिक ठेवा. बायको चार गिलास म्हणते, पण ती मधे दोनदा भात आणायला आत गेली होती. तुम्ही सहा धरा.