माणिकबाईचा गेरू

अकोल्याच्या एमआयडीसीत खुशालरावांचं पोलादी सळ्यांचं दुकान. माणूस मोठा खडूस. कुणी नुसतं ‘चांगलं लोखंड द्या’ म्हटलं की त्यांचं डोकं फिरलंच. अहो, चांगलं म्हणजे कोणतं? नुसत्या कार्बनवर भागलेलं साधं पोलाद ते ईएन-एट. त्यात क्रोमियम-मॉलिब्डेनम पडलं की ईएन-नाइन्टीन. वर निकेलही पडलं की ईएन-ट्वेंटीफोर, तिन्हींत सगळ्यात चिवट. दिसायला मात्र तिन्ही सख्खी भावंडं. म्हणून खुशालराव प्रत्येक तुकड्याच्या टोकाला पिवळा, हिरवा नाहीतर निळा रंग लावत. त्यांच्या हातून चुकीचा तुकडा कधी गेला नव्हता, आणि त्याचा त्यांना भारी तोरा.

खंडेनवमीला पूजेआधी त्यांची बायको माणिकबाई दुकान झाडायला आली. टोकं काळवंडलेली, रंग उडालेले. सणासुदीला हे काय ध्यान, म्हणून बाईनं सगळी टोकं रॉकेलनं लख्ख घासली आणि एकजात सगळ्यांना हौसेनं गेरू फासला. रॅक असा खुलला की ती स्वतःवरच खूश.

खुशालराव आले आणि डोक्याला हात लावून तिला सांगू लागले. दसरा उलटला की दालमिलवाले शेषराव शाफ्टसाठी ट्वेंटीफोर न्यायला येणार होते. ऐन मुगाच्या हंगामात त्यांची मिल बंद पडलेली. चुकून साधा तुकडा गेला तर शाफ्ट मोडणार आणि जन्मभर कमावलेलं नाव मातीत जाणार. हे ऐकून माणिकबाईचं तोंड एवढंसं झालं.

पण खुशालराव लगेच कामाला लागले. दार लोटून अंधार केला, ज्यांवर जात कोरलेली होती ते शिक्क्याचे नमुने काढले आणि ग्राइंडर सुरू केला. चाकाला तुकडा टेकवला की ठिणग्याच सांगतात तो कोण. आधी नमुना घासायचा, मग तुकडा, आणि ताडून पाहायचं. त्यांनी दोनदा घासलं, तीनदा घासलं. मग हात थांबला. वर्षभर लपवलेलं शेवटी ओठावर आलं.

“अवं, मले आता बारीक दिसत नाई. तू पाह्य.”

मग काय विचारता! ते घासत होते, ती सांगत होती: याच्या फुलून राहिल्या, याच्या दबून राहिल्या, याच्या टोकाले भाल्यावाणी हाय. दुकानात दिवाळीच उतरली, आणि पूजेचा नारळ तसाच राहिला. नाइन्टीन-ट्वेंटीफोरच्या ठिणग्या जवळपास सारख्याच, भरवसा नको म्हणून शेषरावांचा तुकडा खुशालरावांनी लॅबमध्येही तपासून आणला. ट्वेंटीफोरच निघाला! दोघं एकमेकांकडे पाहून पोट धरून हसली.

मिल सुरू झाली. टोकांवर पुन्हा रंग चढले, पण शेजारी गेरूचा एक ठिपका राहिला: माणिकबाईनं पाहिलंय याची खूण म्हणून. आता गिऱ्हाईक आधी तोच शोधतं.

पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. खुशालरावांना आता सुईत दोरा ओवता येईल इतकं दिसतं. तरी चाक सुरू करण्याआधी दुकानामागच्या घराकडे हाक जातेच.

“अवं, ये लवकर. ठिणग्या पाह्याच्या हायेत.”