शक्तीच्या पावडरीचा डबा

परवा दुकानात व्हॅनिलाचा तो गुळमट वास आला आणि सिडकोतलं आमचं जुनं घर आठवलं, जिथे आई शक्तीची पावडर विकायची. "तुमच्यातली ताकद ओळखा!" असं पावडरीच्या कंपनीचे टायवाले साहेब मीटिंगमध्ये म्हणाले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हातात माईक धरलेल्या आईला ते मनापासून पटलं होतं. पावडरीने साखर उतरते, हेही त्यांनीच सांगितलं. तेच आईने शेजारी राहणाऱ्या चांदवडच्या मावशींना सांगितलं आणि मावशींनी मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या. ऐन उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालताना त्या चक्कर येऊन पडल्या, त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. आईने साहेबांना फोन लावला, तर ते म्हणाले, "गोळ्या बंद करा असं आम्ही कुठे म्हटलं?" तेच वाक्य पुढे करून आईलाही सुटता आलं असतं. पण ती भर उन्हात पिशवी घेऊन घरोघर गेली आणि "माझं चुकलं, डबा परत द्या," म्हणत राहिली. मावशी घरी आल्यावर त्यांच्याकडेही गेली. मावशींनी पावडर मोरीत ओतली, डबा घासून पुसला आणि त्यात त्याच कुरडया भरून आईपुढे धरला. "अहो, हे कशाला?" आई पुटपुटली. "रिकामा डबा कसा देऊ, ताई?" मावशी म्हणाल्या. साहेबांशी बोलताना न रडलेली आई तिथेच उंबऱ्यावर बसून रडली. आता कुणी काही विकताना मला तब्येतीची खात्री देऊ लागलं, की मी एकच विचारते: उद्या तुमचं चुकलं, तर डबा परत न्यायला तुम्ही स्वतः याल का?