रॉकेटमधले मांडे

मागच्या उन्हाळ्यात जळगावला एका लग्नाच्या पंगतीत बसलो होतो. मांडे वाढले जात होते. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी ताटातला मांडा उचलून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ताजा आहे ना बाई? का रॉकेटमधला?"

पंगत हसली. ज्यांना या विनोदाचं मूळ माहीत नव्हतं तेही हसले, कारण शिळ्या अन्नाला रॉकेटमधलं म्हणायची आमच्याकडे काही घरांत सवयच पडली आहे. मीही हसलो. वाढणारी बाई मात्र हसली नाही. ती तशीच पुढे वाढत गेली. एक खांदा जरा उतरता ठेवून चालायची तिची ढब पाहिली आणि मी हातातला घास ताटात ठेवला. आमच्या बागेत मांडे करणाऱ्या अक्का अशाच चालायच्या. ती अक्कांची मुलगी होती.

ते रॉकेट मी उभं केलं होतं. त्या मांड्यांचं जे झालं ते माझ्या हाताने झालं, आणि अक्कांचं नाव गेलं ते माझ्या तोंडच्या एका शब्दाने. माझं वय झालं आहे. हे सांगायचं राहून जाऊ नये म्हणून लिहितो.

ऐंशीच्या दशकात जळगावहून धरणगावकडे जाणाऱ्या रस्त्याला एक खाजगी बाग होती. मालकांची कापसाची जिनिंग होती, त्यांना सगळे शेठ म्हणत. मी बागेचा व्यवस्थापक. माणसांनी हाताने फिरवायचा लाकडी आकाशपाळणा, लाकडी घोड्यांचं चक्र, घसरगुंड्या आणि कडेच्या कडुनिंबांना टांगलेले जाड दोरांचे झोके, एवढीच आमची मिळकत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोके घ्यायला बागेत यायच्या. त्या दिवशी त्यांना तिकीट नसायचं, आणि झोक्यावर त्या सासूच्या नावाने जी गाणी म्हणायच्या ती ऐकून शेठसुद्धा लांब जाऊन उभे राहायचे.

या बागेत अक्का दर रविवारी धरणगावहून एस.टी.ने यायच्या आणि कडुनिंबाखाली चूल मांडून पुरणाचे मांडे करायच्या. चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर, आणि समोर बसलेल्या अक्का. पुरण भरलेली लाटी थोडी लाटली की त्या ती उचलून दोन्ही हातांवर खेळवायच्या, या हातावरून त्या हातावर. मांडा पसरत पसरत कोपरापर्यंत यायचा, आरपार दिसेल इतका पातळ व्हायचा, पण फाटायचा नाही. मग एका झटक्यात खापरावर. लोक खाण्याआधी नुसतं बघत उभे राहायचे.

त्यांचं खरं नाव बागेत झालं नव्हतं, ते धरणगावला त्यांच्या गल्लीत झालं होतं. आमच्याकडे मांडे सगळ्याच घरांत होतात, पण सगळ्याच बायकांना जमतात असं नाही. आखाजीच्या सकाळी गल्लीतल्या बायका पुरण वाटून, खापर तापवून अक्कांची वाट बघायच्या. त्या एका घरून दुसऱ्या घरी जायच्या. ज्या घरी नवा जावई आलेला असेल तिथे आधी. कोणाकडे आधी जायचं यावरून भांडणंही व्हायची.

तेव्हा आपल्या देशाचा माणूस नुकताच अवकाशात जाऊन आला होता आणि सगळीकडे रॉकेटचं वेड होतं. गणपतीसुद्धा रॉकेटमध्ये बसले. शेठ सुरतेला काहीतरी बघून आले आणि मला म्हणाले, "लोकांना आता घोडे नकोत. बाग आकाशात न्यायची."

मी नेली. लाकडी घोड्यांची मुंडकी कापून तिथे पत्र्याची टोकं बसवली. आकाशपाळण्याला चंदेरी रंग दिला आणि प्रत्येक पाळण्यावर एका ग्रहाचं नाव लिहवून घेतलं. त्यात एक गंमत झाली. शनीच्या पाळण्यात कोणी बसेना. ज्यांना साडेसाती होती ते लांबूनच हात जोडायचे. शेवटी शनी पुसून तिथे चंद्र लिहिला. आमच्या आकाशात दोन चंद्र झाले, त्याबद्दल मात्र कोणाची तक्रार आली नाही.

मग रॉकेट. पत्र्याचं, आडवं, आत दोन्ही बाजूंना बाकं, गोल काचेच्या खिडक्या. आत बसून जेवायचं. शेवभाजीच्या लाल रश्श्याला मंगळाचा रस्सा, मठ्ठ्याला आकाशगंगा आणि अक्कांच्या मांड्यांना उडती तबकडी. ही सगळी नावं माझी. मला त्यांचा फार अभिमान होता.

अक्का रॉकेट बघायला आल्या, आत हात घालून लगेच बाहेर काढला आणि म्हणाल्या, "भाऊ, हाऊ रॉकेट नही शे. हाई त वांगा भाजानी भट्टी शे."

"पंखे लावतोय अक्का."

"लाव. भट्टीले वारा लागसच."

कामावरची माणसं हसली. मला राग आला होता, पण मीही हसलो. चूल रॉकेटमध्ये नेता येत नव्हती, कारण धूर झाला असता. म्हणून असं ठरलं की अक्का कडुनिंबाखालीच मांडे करतील आणि आम्ही ते चंदेरी कागदात गुंडाळून आत नेऊन ठेवू. जेवणारा कागद उघडेल, आत तबकडी.

शेठना उद्घाटन आखाजीलाच हवं होतं. गर्दी त्या दिवशी आपोआप येते. अक्कांनी सरळ नाही म्हटलं. त्या दिवशी त्या गल्लीच्या होत्या, आमच्या नव्हत्या. तेव्हा मी पत्नीला घेऊन त्यांच्या घरी गेलो. पत्नीने त्यांना कुंकू लावलं, खण-नारळाने ओटी भरली. मी म्हणालो, "अक्का, लेकींसाठीच आहे. तुमच्या हाताशिवाय आखाजी कशी होईल?" असं मानाने बोलावल्यावर आमच्याकडची बाई नाही म्हणू शकत नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी पत्नीला नेलं होतं.

अक्का गल्ली सोडून आखाजीला बागेत आल्या. पुरण त्यांनी तिथेच, माझ्यासमोर शिजवलं. डाळ कधी चुलीवर चढली आणि पाट्यावर कधी आली हे मी बघितलं आहे. पुरण ताजं होतं.

पहिले मांडे उतरले तेव्हा त्यांनी ते धुतलेल्या लुगड्यावर पसरून ठेवले आणि मला सांगितलं, "भाऊ, वाफ जिरू दे. गरम झाकशी त आंबी जाई."

यात त्यांनी मला नवीन काही सांगितलं नव्हतं. गरम पुरण झाकू नये हे आमच्या घरातल्या कोणत्याही पोरीला माहीत असतं, मलाही होतं. माझी आई पुरणाची पोळी झाकलेली दिसली तर ओरडायची. पण शेठ पाहुण्यांना घेऊन निघाले होते, आणि त्यांना रॉकेट भरलेलं दिसायला हवं होतं. अक्कांची नजर खापरावरून हलत नव्हती. मी मांडे उचलले, वाफेसकट कागदात गुंडाळायला लावले आणि आत पत्र्याच्या पेटीत रचले. पेटीवर झाकण ठेवलं. ते झाकण मी स्वतः ठेवलं.

जळगावचं वैशाखातलं ऊन सांगायची गरज नाही. दुपारी पंखे गरम वारा फिरवत होते. तरी लोक आत रांगा लावून बसले, घाम पुसत, खिडकीतून बाहेरच्यांना हात करत. कागद उघडले की आत मांडा ओलसर, चिकट झालेला. एकीने नाक मुरडल्याचं मी पाहिलं. दुसरी म्हणाली, "अगं, आकाशात असाच लागत असेल." पुन्हा हसू. मी पेटी बंद करायला हवी होती. शेठचे पाहुणे बसले होते. मी पेटी बंद केली नाही.

उन्हं उतरेपर्यंत झोक्यांवरच्या मुली उतरून झाडांच्या बुंध्याशी ओकत बसल्या. त्यात माहेरपणाला आलेल्या, मेंदी लावलेल्या नव्या लेकी होत्या. ट्रकमधून आणि टांग्यांतून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. सगळ्या बऱ्या झाल्या, एवढं देवाने केलं. पण त्या संध्याकाळी दवाखान्याच्या आवारात त्यांचे बाप, भाऊ जमले होते, आणि शेठ त्यांच्यासमोर उभे होते.

कोणीतरी म्हणालं, पुरण शिळं असणार. शेठ माझ्याकडे वळले. "पुरण आदल्या दिवसाचं होतं का?"

मी म्हणालो, "असेल."

एवढंच. शपथ घेतली नाही, अक्कांचं नाव घेतलं नाही. शेठना ते उत्तर पुरलं, जमलेल्यांनाही पुरलं. मांडे करणारीने शिळं पुरण वापरणं म्हणजे काय, हे आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही. बागेची माणसं सुटली, मी सुटलो. दुसऱ्या दिवशी ते बाजारात पोचलं, आणि धरणगावला तर त्याच्याही आधी पोचलं.

काही दिवसांनी अक्का आपलं खापर न्यायला आल्या. खापराला कोणी हात लावला नव्हता. त्यांनी ते पुसलं, फडक्यात बांधलं आणि मग माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, तू त व्हता ना तठे. तू सांगी दे."

"सांगतो अक्का."

"तू सांगशी त लोक ऐकतीन. मन्हं कोण ऐकस?"

"सांगतो म्हटलं ना."

त्या माझ्यावर विश्वास ठेवून गेल्या. मी आधी शेठचा राग उतरायची वाट पाहिली. मग पावसाळा गेला. मग वाटलं, आता विषय कोणी काढत नाही, आपण कशाला काढायचा. पुढच्या आखाजीला गल्लीतल्या एकाही घराने अक्कांना बोलावलं नाही, असं कळलं. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. नंतर त्या यावलला मुलीकडे राहायला गेल्या आणि केळीच्या मळ्यात कामाला जाऊ लागल्या असं ऐकलं. मी शहानिशा केली नाही. कळलंच तर जावं लागेल, अशी भीती होती.

माझं चांगलं चाललं. रॉकेटमध्ये आम्ही हॉटेलातून तयार पदार्थ आणायला लागलो. पाळण्याला वीज आली. दरवर्षी काहीतरी नवीन करायचं म्हणून मी डोकं चालवत राहिलो. नव्वदच्या दशकात लोकांच्या घरात टीव्हीवर याहून मोठी रॉकेटं उडायला लागली आणि बाग ओस पडली. रॉकेटमध्ये शेवटी कडबा भरला. मी तिथून जायचो तेव्हा गोल खिडकीतून कडबा बाहेर आलेला दिसायचा. अक्का वारल्या, ही बातमीही मला तिसऱ्याच माणसाकडून, बऱ्याच उशिरा कळली.

तर मागच्या उन्हाळ्यातल्या त्या लग्नात, पंगत उठल्यावर, मी त्यांच्या मुलीला मांडवामागे गाठलं. ती हात धूत होती. मी माझी ओळख सांगितली. झाकण, शेठ, तो शब्द, सगळं सांगितलं. मग पदराला हात पुसत म्हणाली, "आबा, मला सांगून काय उपयोग? मी तिच्या हातचं खात वाढले. मला माहीतच होतं पुरण ताजं असणार." आणि मग, "सांगायचंय तर गल्लीत सांगा. ती शेवटपर्यंत तिथल्या बोलावण्याची वाट बघत होती."

मी तिची माफी मागणार होतो. तिने ती संधी दिली नाही. तिला आणखी एक पंगत वाढायची होती.

या आखाजीला मी धरणगावला गेलो. गल्ली बदलली आहे, बरीच घरं सिमेंटची झाली आहेत. ज्या बायकांनी तेव्हा वाट पाहिली असेल त्यांतल्या बहुतेक आता नाहीत. एका ओट्यावर एक फार म्हातारी बाई बसली होती. मी अक्कांचं नाव काढलं.

"ती?" ती म्हणाली. "त्या आखाजीले ती उनी नही. आम्ही पुरण वाटीसन बठ्ठ्या बशी राह्यन्या. मना नवा जवाई व्हता. साधी पोळी खाईसन गया."

तिला विषबाधेचं आधी आठवलं नाही, अक्का आल्या नाहीत म्हणून मांड्यांविना गेलेल्या जावयाचं आठवलं. मी म्हणालो, "त्यांना मी नेलं होतं. आणि ते मांडे मी बिघडवले." मग तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. तिला कमी ऐकू येतं. तिने अर्ध्यावर हात वर करून मला थांबवलं. मला वाटलं, आता ही मला उठवेल. तिने घरात तोंड करून सुनेला हाक मारली, मग समोरच्या घरातल्या बाईला, मग तिच्या जावेला. तिघी कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या आणि ओट्यासमोर उभ्या राहिल्या.

म्हातारी म्हणाली, "हां. आते सांग. पह्यलेपासून सांग, आन जोरमा सांग."

मी उभा राहिलो. मग म्हणालो, "पुरण ताजं होतं."