पाचव्या वर्षाचं जावळ

कोळवणच्या आमच्या अंगणवाडीत एक पोरगा होता. त्याचा चेहरा मी, त्याची बाई, कित्येक महिने धड पाहिलाच नव्हता. केस पार नाकापर्यंत. आईनं रबर लावून पाठवलं की बाकीची पोरं "पोरगी आली, पोरगी आली" करायची आणि तो रबर ओढून फेकायचा. मग भिंतीला टेकून बसायचा. मणी ओवायला दिले तर भोक सापडायचं नाही, पळायला लावलं तर दाराला धडकायचा. बोलणं तर नाहीच. वजन मात्र झकास. तपासणीला येणाऱ्या मॅडम वजन बघून खूश व्हायच्या आणि मला संताप यायचा. पोर म्हणजे काय बाजारातलं कोकरू आहे, वजन भरलं की झालं?

कात्री लावायची सोय नव्हती. जन्माचे केस अजून उतरायचे होते, आणि आमच्याकडे जावळाला मूल मामाच्याच मांडीवर बसतं. पहिलं वर्ष गेलं, तिसरं गेलं, आता पाचवंही सरत आलेलं. मामा काही परमुलखात नव्हता. गावातलाच, आमच्या दारावरून रोज पौडला जीप न्यायचा. पण वडिलांची जमीन विकताना बहिणीनं सही दिली नाही, आणि पोर पोटात असतानाच दोघांचं बोलणं तुटलं. ती म्हणायची, त्यानं यावं. तो म्हणायचा, तिनं बोलवावं. ताठा मोठ्यांचा, आणि चाचपडायचं पोरानं.

मी आधी माझ्या परीनं उपाय केला. त्याच्या कपाळाला फडकं बांधलं आणि वर्गातल्या झाडून सगळ्या पोरांच्याही बांधलं. आता कोण कोणाला चिडवणार? दुसऱ्या दिवशी तो आपणहून कपाळाला हात लावून माझ्यासमोर उभा राहिला. हळूहळू मणी ओवू लागला, चिखलाचे बैल करू लागला, पोरांच्या मागे पळू लागला. त्याचा पहिला शब्द "सरक". तोही मलाच. मला इतका आनंद झाला की मी मुकाट्यानं सरकले.

पण उन्हाळा लागला, घामानं डोक्यात फोड आले. खाजवून खाजवून तो रक्त काढायचा. जूनमध्ये पहिलीला जायचं होतं, तिथं कोण फडकी बांधत बसणार? एका सकाळी मी रस्त्यात उभी राहून मामाची जीप अडवली, प्रवाशांसकट.

"भाच्याचं डोकं बगितलंस का रं कदी?"

"तिनं बोलवावं की, बाई. मी न्हाई म्हनलोय व्हय?"

"मानपान गेला चुलीत. पोराच्या डोक्यात फोड आल्यात. त्यानं मागितली हुती का सही? रविवारी यायचंस. बहिणीचं मी बगते."

प्रवासी खाली माना घालून ऐकत होते. बहिणीलाही मी तेच ऐकवलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "येऊ द्या. मी काय दार लावनार न्हाई."

रविवारी तो आला. नवे कपडे, टोपी, नारळ, सगळं रीतीनं. बहीण उंबऱ्याच्या आतच उभी, तोंड फिरवून. न्हावी वस्तरा पाजळत होता. मामा अंगणात पाटावर मांडी घालून बसला आणि त्यानं हात पसरले.

पोर हललं नाही. फडक्याखालून त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग पुढं झालं आणि अंगणवाडीत नवं पोर आलं की आम्ही सगळे विचारतो तसं, मोठ्यानं, स्पष्ट विचारलं, "तुजं नाव काय?"

रोज त्याच्या समोरून जीप नेणाऱ्या त्या गड्याचं तोंड उघडेना. पसरलेले हात तसेच राहिले.

शेवटी बहिणीनंच आतून सांगितलं, "मामा हाय तुजा. बस मांडीवर."