स्वच्छ डबी

जंतबाई हे नाव त्यांना शिष्यांनी दिलं आणि बाईंनी ते पदवीसारखं मिरवलं. पाळीव जनावरांच्या दवाखान्यांत जाऊन डॉक्टरांपासून पिंजरे धुणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना जंत, पिसवा आणि गोचिडी हुडकायला शिकवणं, हा त्यांचा उद्योग. मांजर विंचरताना पडलेला काळा कण ओल्या कागदावर लाल झाला, की बाईंना नातवंड झाल्याचा आनंद व्हायचा. पिसवांची विष्ठा सापडली ना!

प्रत्येक वर्गात त्या दोन डब्या नेत. एक जंतांची, दुसरी स्वच्छ. स्वच्छ डबीत घरच्या कुत्र्याची, म्हणजे लाटसाहेबांची विष्ठा. "निरोगी जनावर कसं असतं ते आधी बघा," हे सांगताना बाईंची मान ताठ व्हायची. मग ठरलेला धडा: "मालक म्हणतो, जंताची गोळी दिली. ऐकू नका. विचारा, गिळताना बघितलीत का?"

त्या सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी बघणारी दवाखान्यातली मदतनीस अडखळली. "बाई, स्वच्छ डबीत अंडी दिसतायत."

"हवेचे बुडबुडे असतील. नवशिक्यांना जिकडेतिकडे अंडीच दिसतात."

"पण बुडबुड्याला असं जाड, खडबडीत कवच नसतं ना? कालच सांगितलंत तुम्ही."

बाईंनी डोळा लावला. आत गोकुळ नांदत होतं.

"डब्यांची अदलाबदल झाली असेल," डॉक्टरांनी पळवाट दाखवली. वाट सोपी होती. पण आज खोटं बोललं, तर उद्यापासून शिकवायचं कुठल्या तोंडाने?

"नाही," बाई म्हणाल्या. "ही माझ्याच घरची." वर्गात कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं.

संध्याकाळी घरी नवरा घड्याळ उघडून बसला होता. त्याचा धंदाच तो. पायाशी लाटसाहेब. बाई सतत फिरतीवर, म्हणून गोळीचं खातं नवऱ्याकडे होतं.

"अहो, लाटसाहेबांना गोळी दिलीत?"

"दिली की."

"गिळताना बघितलीत?"

नवऱ्याने डोळ्यावरचं भिंग हळूच काढलं. "अगं, गोळी दिली की दिवसभर माझ्याकडे पाठ करून बसतो तो. तू गावोगाव. घरात बोलायला तोच एक."

"मग गोळ्या?"

"कुंडीत."

"वा! कोरफडीला आता जन्मात जंत होणार नाहीत. आणि मला दर वेळी 'दिली, दिली'?"

"तू विचारायचीसच अशी घाईत."

"जगाला सांगत फिरले, कोणाच्या शब्दावर जाऊ नका," बाई म्हणाल्या. "घर तेवढं सोडलं होतं."

त्यांनी नवी गोळी काढली, लाटसाहेबांचा जबडा उघडला, जिभेच्या मुळाशी ठेवली, गळा चोळला. गिळताना डोळ्यांनी बघितली.

लाटसाहेबांनी जीभ फिरवली, उठून नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि बाईंकडे पाठ केली.